शंभर टक्के आर्द्रता म्हणजे काय?
आर्द्रतेवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'आर्द्रता १०० टक्के म्हणजे हवेत सगळं पाणीच' हे वाक्य खटकलं. ही टक्केवारी सापेक्ष असते, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, ० अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे गोठवणाऱ्या थंडीतली १०० टक्के आर्द्रतेची हवासुद्धा तशी कोरडीच! म्हणून मी टक्क्यांपेक्षा दवबिंदू बघतो, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान. बर्फ घातलेल्या ग्लासाला बाहेरून घाम फुटतो ना, ते पाणी काही काचेतून पाझरलेलं नसतं. काचेलगतची हवा दवबिंदूच्या खाली गेलेली असते. ढगही असेच, फक्त तिथे काचेऐवजी धूलिकण किंवा मिठाचे कण असतात. बाकी आकृत्या झकास.