बारीक अक्षरांसाठी रिझोल्यूशनला हात लावू नका

आमच्या नाशिकच्या दोन-तीन ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या फुकट प्रणालीवर, अक्षरं बारीक दिसली तर रिझोल्यूशन (पडद्यावरच्या चित्रातल्या ठिपक्यांची आडवी-उभी संख्या) कमी करून १३६६ बाय ७६८ करा. फॉन्ट मोठा करायला टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, कमांड माराव्या लागतात. आणि मराठी लिनक्सवर धूसरच दिसते. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

पहिली सगळ्यात घातक. नाशिकरोडच्या माझ्या मावशीने ती ऐकली. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार आहे, सोसायटीच्या नोटिसा तीच टाइप करते. परवा पाणीकपातीची नोटीस तपासताना ती मला म्हणाली, "अरे, हे गंगापूर घरण काय लिहिलंय मी?" लिहिलेलं बरोबर होतं. ‘ध’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, ‘घ’ची अखंड. ती फट असते जेमतेम दोन-तीन ठिपक्यांची, आणि तीच बुजली होती.

ती बुजते कशी? पडद्यावरचे ठिपके कारखान्यातच पक्के होतात. १९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ केलं तरी ते तेवढेच राहतात, चित्र मात्र जेमतेम साडेदहा लाखांचं येतं आणि ताणून बसवलं जातं. आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना चित्राच्या एका ठिपक्याच्या वाट्याला पडद्याचे साधारण १.४ ठिपके. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून कडा शेजारच्या ठिपक्यांत पसरते. अक्षर मोठं होतं, पण पुसट. जुन्या ट्यूबच्या मॉनिटरला असे पक्के ठिपके नव्हते, तिथे हा सल्ला बऱ्यापैकी चालून जायचा. आज तो देऊ नये, विशेषतः वयस्कर माणसांना तर नाहीच.

टर्मिनलचं म्हणाल तर मिंटमध्ये सिस्टीम सेटिंग्जच्या फॉन्ट विभागात ‘टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर’ आहे. मावशीचा मी १.० वरून १.३ केला, रिझोल्यूशन परत मूळ आकड्यावर नेलं, आणि ‘ध’ची फट दिसायला लागली. तुमच्या लिनक्सचा डेस्कटॉप ग्नोम असेल तर ॲक्सेसिबिलिटीत ‘लार्ज टेक्स्ट’चं बटण आहे. एक्सएफसीई हा डेस्कटॉप असेल तर ॲपिअरन्सच्या फॉन्ट टॅबमध्ये डीपीआय (अक्षरांचा आकार ठरवणारा आकडा) ९६ चा १२० करा. अक्षरांबरोबर बटणं, आयकॉनही मोठे हवे असतील तर डिस्प्ले सेटिंग्जमधलं स्केलिंग वापरा. कुठेही कमांड लागत नाही.

राहिली मराठी. ती धूसर दिसते ती बहुतेक वेळा या ताणलेल्या रिझोल्यूशनमुळेच. तेवढं दुरुस्त करूनही अक्षर खटकत असेल तर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी हा फॉन्ट टाकून बघा, दोन्ही फुकट आहेत. जोडाक्षरं जुळवण्याचं काम लिनक्सवर हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं, आणि ॲंड्रॉइड फोनवर मराठी वाचता तेव्हाही तेच करत असतं.

नवीन लिनक्स टाकल्यावर पडदा १०२४ बाय ७६८ वर अडकला असेल तर मात्र रिझोल्यूशन जरूर बदला, पण वाढवा. मोठा आकडा यादीतच नसेल तर आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, तपासा.