शरदात फुलणारे प्रत्येक जांभळे फूल केशराचे नसते

पावसाळा सरत आला की केशराविषयीचा एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. त्याचे सार असे: शरद ऋतूत उमलणारे जांभळे क्रोकसचे फूल म्हणजे केशरच होय, परदेशात ते बागेत सहज आढळते, तेव्हा त्यातले तंतू खुडून निःशंकपणे वापरावेत, भारतात त्याचे बियाणे मागवून शेतात पेरता येते, आणि जमीन नसेल त्याने घरातल्या एका खोलीत, मातीपाण्याशिवाय, वर्षानुवर्षे लाखोंचे पीक घ्यावे. यांतले फूल ओळखण्याविषयीचे विधान जिवावर बेतू शकते, बियाण्याचे विधान शेतकऱ्याला नागवते आणि खोलीचे विधान अर्धेच खरे आहे. म्हणून एकेक विधान नीट तपासणे आवश्यक आहे.

क्रोकस हे कंदापासून उगवणारे फुलझाड. शरदात फुलणाऱ्या त्याच्या जाती अनेक आहेत आणि केशर, म्हणजे क्रोकस सॅटिव्हस, ही त्यांतली केवळ एक. तुर्कस्तान व कॉकेशसकडचा क्रोकस स्पेसिओसस निळसर जांभळा असतो, त्याच्या पाकळ्यांवर गडद शिरांचे जाळे दिसते आणि त्याच्या कुक्षीचे, म्हणजे फुलाच्या मधोमध असलेल्या स्त्री-अवयवाच्या टोकाचे, नारिंगी रंगाचे असंख्य बारीक धागे झालेले असतात. क्रोकस कोत्शियानसच्या फिकट पाकळ्यांच्या तळाशी प्रत्येकी दोन पिवळे ठिपके असतात. बाल्कन प्रदेशातल्या क्रोकस पुल्केलसचा घसा पिवळा आणि परागकोश पांढरे असतात. रुमानियातल्या क्रोकस बनाटिकसच्या आतल्या तीन पाकळ्या बाहेरच्यांपेक्षा इतक्या आखूड असतात की लांबून ते आयरिसचे फूल वाटावे. नैऋत्य फ्रान्स व उत्तर स्पेनमधला क्रोकस न्यूडिफ्लोरस पानांशिवाय फुलतो, आणि स्पेसिओससही तसाच. त्यामुळे पाने आहेत की नाहीत एवढ्यावरून निर्णय करता येत नाही.

केशराची खूण त्याच्या कुक्षीत आहे. फुलाच्या मध्यातून एकच फिकट पिवळा कुक्षिवृंत, म्हणजे कुक्षीचा देठ, वर येतो आणि टोकाकडे त्याच्या तीन गडद लाल शाखा होतात; याच शाखा म्हणजे केशराचे तंतू. या शाखा इतक्या लांब असतात की पुष्कळदा पाकळ्यांच्या फटीतून बाहेर लोंबतात. प्रत्येक शाखा टोकाशी कर्ण्यासारखी रुंदावते आणि तिची कड दातेरी असते. फूल एकदा उमलले की रात्रीही पुरते मिटत नाही. पण लाल रंगाच्या तीन शाखा दिसल्या म्हणजे काम झाले असेही नाही, कारण ग्रीसमधल्या क्रोकस हाड्रिएटिकसची कुक्षीही लाल व तीन शाखांची असते. त्याचे फूल मात्र बहुधा पांढरे. म्हणून जाणकार कंदही पाहतात. केशराच्या कंदावर बारीक तंतूंची जाळीदार साल असते, तर स्पेसिओससच्या कंदाची साल सोलली की तळाशी कड्यांसारखे गोल वेढे सुटून येतात.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. इंग्लंड-अमेरिकेतल्या रोपवाटिकांत ‘ऑटम क्रोकस’ या नावाखाली जे फूल सर्रास विकले जाते, ते बहुतेकदा क्रोकस नसून कॉल्चिकम असते. ते वेगळ्या कुळातले आहे आणि त्याचे सर्व भाग विषारी आहेत. त्यातले कॉल्चिसीन हे द्रव्य अतिसूक्ष्म मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर औषध म्हणून डॉक्टर देतात; परंतु पोटात गेलेल्या पाना-कंदांतून त्याची मात्रा कोणाला मोजता येणार? शिजवल्याने ते नष्ट होत नाही. लक्षणे कित्येक तासांनी दिसू लागतात, आधी उलट्या व जुलाब, मग एकेक अवयव निकामी होणे, आणि त्यावर सहज उपलब्ध असा खात्रीचा उतारा नाही. युरोपात वसंतात उगवणारी त्याची पाने रानलसणाची समजून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. काश्मीरमध्येही कॉल्चिकमची एक पिवळी जात बर्फ वितळताच फुलते आणि तिचा कंद युनानी वैद्यकात सुरंजान म्हणून वापरला जातो.

फरक ओळखणे मात्र अवघड नाही. फूल हलकेच उघडून पुंकेसर, म्हणजे पराग धरणारे दांडे, मोजावेत. क्रोकसला तीन असतात, कॉल्चिकमला सहा. क्रोकसमध्ये एकच कुक्षिवृंत वर जाऊन फाटतो. कॉल्चिकममध्ये तळापासूनच तीन सुटे धागे निघतात. क्रोकसची पाने गवतासारखी अरुंद असून त्यांच्या मधोमध पांढरी रेघ असते. कॉल्चिकमची पाने रुंद व चकचकीत असतात आणि ती वसंतात येतात, फुलांसोबत नव्हे. लंडनला किंवा न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी परसातल्या जांभळ्या फुलाचे तंतू श्रीखंडात घालण्यापूर्वी हे एवढे पाहिलेच पाहिजे, आणि तीन पुंकेसर दिसले तरी जातीची खात्री होईपर्यंत ते फूल बागेतच राहू द्यावे.

बियाण्याच्या दाव्याला उत्तर थोडक्यात देता येते: केशराला बी धरतच नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे एकूण 24 गुणसूत्रे असतात, त्यामुळे ते वंध्य आहे. त्याचा रानटी पूर्वज क्रोकस कार्टराइटियानस आजही ग्रीसमध्ये उगवतो व त्याला बी येते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिका प्रदेशातल्या झाडांकडे केशराचे मूळ म्हणून बोट दाखवले. तिथून पुढचा केशराचा सारा प्रवास माणसाने हाताने कंद उचलून पुन्हा लावल्यामुळे झाला आहे. तेव्हा कोणी केशराचे बी विकत असेल, तर ते दुसऱ्याच कशाचे तरी बी आहे. महाराष्ट्र, राजस्थान व मध्य प्रदेशात ‘अमेरिकन केसर’ म्हणून शेतकऱ्यांच्या गळ्यात मारले जाणारे बी करडईचे असते. सोलापूर-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला करडई का ओळखता येऊ नये? येते, पण नाव बदलले, भाव अव्वाच्या सव्वा सांगितला आणि माल परत घेण्याचे आश्वासन दिले की शंका दाबली जाते. ही फसवणूक मला सर्वांत संतापजनक वाटते, कारण पीक उभे राहिल्यावर विकत घेणारा कोणीच येत नाही. करडईचा तंतू हाताच्या तळव्यावर घेऊन पाहिला तर ती एक बारीक नळी असते व टोकाला तिच्या पाच पाकळ्या फुटलेल्या दिसतात. कर्ण्यासारखे टोक कुठेच नसते. करडईच्या पाकळ्यांचाही चहा होतो, त्यांना बाजार आहे; त्या करडई म्हणून विकाव्यात.

राहिला प्रश्न खोलीचा. यात तथ्य आहे ते असे की केशराचे फूल खरोखर मातीपाण्याशिवाय येते. उन्हाळ्यात, साधारण 23 ते 27 अंश सेल्सिअस तापमानात, कंदाच्या आत कळी घडते आणि तापमान 17 अंशांच्या आसपास उतरले की फूल बाहेर येते. काश्मीरमध्येही काही शेतकरी कंद घरात मांडून फुले घेतात. परंतु ते फूल कंदाने आदल्या हिवाळ्यात साठवलेल्या अन्नावर आलेले असते. फुलानंतर जुना कंद झिजून जातो आणि त्याच्या जागी नवे कंद तयार होतात, ते पानांनी सगळा हिवाळा थंड हवेत, मातीत मुळे रोवून, वसंतापर्यंत अन्न तयार केल्यावर. हा टप्पा संदेशात गाळला आहे. तो चुकला की पुढच्या वर्षी कंद लहान राहतात, आणि साधारण आठ ग्रॅमहून हलक्या कंदाला फूल येण्याची आशा फारशी नसते.

काश्मीरमधल्या पांपोरच्या करेव्यांवर, म्हणजे तिथल्या उंच सपाट पठारांवर, हे चक्र आपसूक चालते: उन्हाळा कोरडा, कारण पीर पंजालच्या रांगेपलीकडे नैऋत्य मोसमी पाऊस फारसा पोचत नाही; ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुले; मग बर्फ. आपल्याकडे नेमके उलट आहे. कंदाची विश्रांती असते तेव्हा इथे धो धो पाऊस पडतो व जमिनीतला कंद सडतो. हिवाळ्यात पानांना हवी तितकी थंडी बहुतेक ठिकाणी मिळत नाही. म्हणून पुण्या-नाशिकच्या खोलीत केवळ फुलाचे दोन आठवडे नव्हे, तर पुढचे कित्येक महिने गारवा व प्रकाश विकत घ्यावा लागतो, आणि त्याचे वीजबिल येते. एक ग्रॅम केशराला साधारण 150 फुले लागतात. दहा ग्रॅमच्या कंदाला एक-दोन फुले धरली तर किलोभर कंदांमागे हाती लागते ते सुमारे एक ग्रॅम. कंदाचा भाव, शीतयंत्रणेचा खर्च आणि दुसऱ्या वर्षी किती कंद फुलण्याजोगे वाढले याचा लेखी हिशेब विक्रेत्याकडे मागावा. पहिल्या वर्षाच्या फुलांची छायाचित्रे त्यासाठी पुरेशी नाहीत, कारण ती फुले काश्मीरच्या मातीने आधीच कंदात भरून पाठवलेली असतात.