खुर्दा

1,975 माणसं आणि 212 गाड्या. माणसं हाँगकाँगला पोचली. गाड्या मनिलाला.

दुसरं महायुद्ध चालू होतं. 27 ऑक्टोबर 1941 ला कॅनडातल्या व्हँकुव्हरहून 'अवाटिया' आणि 'प्रिन्स रॉबर्ट' ही दोन जहाजं ब्रिटिशांच्या ताब्यातलं हाँगकाँग राखायला निघाली. त्यात कॅनडाच्या सैन्याच्या दोन पलटणी होत्या, क्विबेकचे रॉयल रायफल्स आणि आमच्या विनिपेगचे ग्रेनेडियर्स. त्यांच्या गाड्या मागाहून वेगळ्या जहाजाने रवाना झाल्या. ते जहाज वाटेत असतानाच जपानने युद्ध पेटवलं आणि गाड्या फिलिपिन्समध्ये अमेरिकनांच्या कामी आल्या. हाँगकाँगच्या डोंगरांत या पोरांना सामान पाठीवर वाहावं लागलं.

आठ वर्षं मी विनिपेगमध्ये राहतोय. नोव्हेंबर लागला की युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी इथे जो तो कोटाला लाल पॉपीचं फूल लावतो, मीही लावतो. पण या पोरांची गोष्ट मला कळली ती अगदी अलीकडे. ऑफिसात जेवताना मी ती काढली, तर एक सहकारी सहज म्हणाला, "हो, पण ते हरले ना?" वाईट माणूस नाही तो. पण तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून ही एवढी लांब पोस्ट.

हरले, खरंच हरले. 8 डिसेंबरला हल्ला झाला, 18 च्या रात्री जपानी सैन्य बेटावर उतरलं, 25 ला ऐन नाताळात शरणागती. ग्रेनेडियर्स त्याआधी जमैकात होते, तिथे युद्धकैद्यांच्या छावणीवर पहारा देत होते. पहारेकरीच पुढे कैदी झाले. या कॅनडियन फौजेचे प्रमुख ब्रिगेडियर लॉसन 19 तारखेला आपल्या ठाण्यापाशी मारले गेले. त्याच दिवशी सार्जंट मेजर जॉन ऑस्बॉर्न यांनी सोबत्यांमध्ये येऊन पडलेल्या हातबॉम्बवर स्वतःला झोकून दिलं. आणि हे फक्त कॅनडाचं दुःख नाही. त्याच टेकड्यांवर आपली राजपूत आणि पंजाब रेजिमेंट लढत होती. राजपूत रेजिमेंटचे कॅप्टन मतीन अन्सारी, हैदराबादचे, कैदेत छळ सोसूनही फुटले नाहीत. 1943 मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. आपल्याकडे किती जणांनी हे नाव ऐकलंय?

जॉर्ज मॅकडॉनेल सतराव्या वर्षी वय वाढवून सांगून सैन्यात शिरला आणि एकोणीस-विशीत रॉयल रायफल्सचा सार्जंट झाला. नाताळच्या दिवशी, सगळं संपलंय हे दिसत असताना, त्याच्या कंपनीला स्टॅन्ली गाव परत घेण्याचा हुकूम आला. तोफखान्याची साथ नाही आणि हल्ला भरदिवसा. कंपनीचे 26 जण मेले, 75 जखमी झाले. काही तासांत शरणागतीचा निरोप आला. मॅकडॉनेल वाचला. पुढे जवळजवळ चव्वेचाळीस महिने तो कैदी होता, आधी हाँगकाँगच्या शाम शुई पो छावणीत, मग योकोहामाच्या जहाजबांधणी कारखान्यात, शेवटी ओहाशीच्या लोखंडाच्या खाणीत.

कैदेतला सगळ्यात मोठा शत्रू होता भात. पांढरा, पॉलिश केलेल्या तांदळाचा, तोही मूठभर. आपल्या आज्या हातसडीचा तांदूळ खा म्हणून मागे लागायच्या त्यामागचं शास्त्र इथे माणसांच्या पायांत उतरलं. कोंड्याबरोबर जीवनसत्त्व 'ब' जातं, आणि मग बेरीबेरी. पाय सुजतात, नसा जळायला लागतात. कैदी त्याला 'विजेचे पाय' म्हणायचे. रात्रभर थंड पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसायचं, चादरीचा स्पर्शही सोसायचा नाही. 1942 मध्ये घटसर्पाची साथ आली. त्यावरचं औषध, प्रतिविष (सीरम), वेळेवर मिळालं नाही आणि डझनांनी पोरं गेली. लढाईत 290 मेले होते. कैदेत आणखी अडीचशेहून जास्त.

छावणीत कानाओ इनोऊये नावाचा एक दुभाषा होता. जन्म कॅनडातल्याच कॅमलूप्सचा, म्हणून त्याला 'कॅमलूप्स किड' म्हणत. कॅनडियन कैद्यांना तो खास राग धरून मारायचा. लहानपणी इथे आपल्याला हिणवलं गेलं त्याचा सूड, असं तो सांगे. युद्धगुन्ह्याची शिक्षा रद्द झाली, कारण जन्माने तो ब्रिटिश प्रजा ठरला. मग त्याच कारणाने राजद्रोह लागला आणि 1947 मध्ये फाशी. त्याचं समर्थन मी मुळीच करत नाही. पण आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांनी ही गोष्ट एकदा स्वतःशी वाचावी. त्याच युद्धात कॅनडाने आपल्याच वीसेक हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत नेलं होतं.

आता परतीचं. ऑगस्ट 1945 संपताना हाँगकाँगच्या बंदरात ब्रिटिश ताफ्याबरोबर एक कॅनडियन जहाज शिरलं. 'प्रिन्स रॉबर्ट'. तेच. चार वर्षांपूर्वी ज्याने आणून सोडलं, तेच न्यायला आलं. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

घरी आल्यावर काय? ही फौज पाठवण्याबद्दलची सरकारची चौकशी 1942 मध्येच उरकली होती. सरन्यायाधीश डफ यांच्या एकसदस्य आयोगाने बहुतेक सगळ्यांना सोडून दिलं, ठपका ठेवला तो मुख्यतः गाड्यांवर. 1951 च्या शांतता करारात जपानकडून भरपाई मागायचा हक्क सोडून दिला गेला. मग छळाबद्दल म्हणून कैदेच्या प्रत्येक दिवसामागे एक डॉलर आला, नंतर सक्तमजुरीचे आणखी पन्नास सेंट.

पानिपताच्या बातमीच्या पत्रात मोत्यं, मोहरा यांची तरी गणती होती. रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही, असं म्हटलं होतं. ते वाक्य मला इथे आठवतं. ऑस्बॉर्न मोहर. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हाँगकाँगमध्ये त्यांच्या नावाने पुतळा आहे. (पुतळा खरं तर पहिल्या महायुद्धातल्या एका अनामिक सैनिकाचा, पण असो.) उरलेल्या खुर्द्याची किंमत दिवसाला दीड डॉलर.

ती वाढून अठरा डॉलर व्हायला 1998 उजाडलं. माणशी चोवीस हजारांच्या आसपास, तेही जपानकडून नाही, कॅनडाच्याच तिजोरीतून. एका कुत्र्याची गोष्ट आहे, गँडर नावाच्या, त्यानेही हातबॉम्ब तोंडात धरून पळ काढला आणि सैनिकांना वाचवलं. त्याला पदक मिळालं 2000 साली. माणसांची जपान सरकारने माफी मागितली ती 8 डिसेंबर 2011 ला, बरोबर सत्तर वर्षांनी.

"हरले ना?" याला माझं उत्तर असं. हरले ते पाठवणारे. ज्यांच्या तुकड्या लढाईला तयार नाहीत हे लष्कराच्याच कागदावर होतं, त्यांना जिंकता न येणाऱ्या बेटावर पाठवलं. हरणं त्यांच्या वाट्याला आलं इतकंच. आणि हरलेल्याच्या दुखण्यावर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही. पाय जळतात म्हटलं तर डॉक्टर म्हणणार, काही दिसत तर नाही.

ते सिद्ध करायला काय करावं लागलं पाहा. 1960 च्या दशकात हाँगकाँगहून परतलेल्या सैनिकांची तपासणी झाली आणि तुलनेला घेतले त्यांचेच सख्खे भाऊ, जे युरोपात लढून आले होते. एकाच आईची पोरं, एकाच चुलीवरचं खाऊन वाढलेली. फरक इतका उघड निघाला की 1971 मध्ये हाँगकाँगवाल्यांना किमान निम्मी अपंगत्व पेन्शन मंजूर झाली. सव्वीस वर्षांनी.

त्या भावांच्या घरातलं जेवण मला सारखं डोळ्यांपुढे येतं. एक भाऊ हॉलंडच्या सुटकेच्या गोष्टी सांगतोय, लोकांनी रस्त्यावर फुलं कशी टाकली ते. दुसरा टेबलाखाली बूट काढून, पाय थंड फरशीवर टेकवून ऐकतोय.