चाळिशीचा नंबर

मराठीत वाचायच्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात आणि वयालाही. या दोन्ही चाळिश्या मला एकदमच लागल्या होत्या. पाठोपाठ तिसरेही काही लागेल, अशी शंका मात्र वयाच्या 47व्या वर्षापर्यंत आली नव्हती.

प्रेमात पडण्याची माझी तयारी बाविसाव्या वर्षीच पूर्ण झाली होती. अपेक्षांची यादी इतकी नेमकी होती की, तीत बसणारी व्यक्ती भेटलीच असती तर तिने मला पहिल्याच दिवशी वाटेला लावले असते, हे माझ्याखेरीज सर्वांना दिसत होते. तिशीत यादी निम्म्यावर आली आणि पस्तिशीत ‘स्वभावाने बरी’ एवढे एकच कलम शिल्लक राहिले. पुढे मी वाट पाहणेच सोडले आणि इतरांच्या प्रेमप्रकरणांत वडीलकीचे सल्ले देऊ लागलो. पोहता न येणारा माणूस काठावरून इतरांना हात कसे मारावेत ते सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात माझ्या समोरच्या खुर्चीवर एक बाई गेले तीन महिने बसत असत. पाने उलटताना फार आवाज करणाऱ्या बाई, एवढीच माझ्या लेखी त्यांची ओळख होती. समोर बसणारी व्यक्ती इतके दिवस कशी दिसली नाही, असे कोणी विचारले की मी शास्त्राचा आधार घेतो. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. यावर आमच्या नेत्रतज्ज्ञांचे म्हणणे असे की, हा दोष हातातल्या पुस्तकापुरता असतो, टेबलापलीकडच्या माणसासाठी दुसरे एखादे कारण शोधावे.

एका संध्याकाळी ग्रंथपालांनी दिवे मालवायला सुरुवात केली आणि त्या घाईत मी टेबलावरचा काळ्या चौकटीचा चष्मा उचलून घरी आलो. रात्री वाचायला बसलो तेव्हा अक्षरे नेहमीसारखीच स्वच्छ दिसत होती, पण चष्मा कानाशी अडत होता. काढून चाचपला, तर डाव्या काडीच्या टोकाला बारीक खाचा लागल्या. त्या नीट पाहण्यासाठी चष्मा हवा होता आणि चष्मा तर हातात होता. अखेर कपाटातला जुना चष्मा शोधून मी नव्या चष्म्याचे निरीक्षण केले. त्या दातांच्या खुणा होत्या. कोणीतरी वाचता वाचता विचारात पडल्यावर ही काडी दातांत धरत असे. मी अर्धा तास त्या खुणांकडे पाहत राहिलो आणि काय होऊन बसले ते ध्यानात येईपर्यंत होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी चष्म्यांची अदलाबदल झाली. “तुमचाही नंबर दोनच का?” त्यांनी विचारले. मी “हो” म्हणालो. इतक्या मनापासून मी आजवर कशालाही होकार दिलेला नाही.

त्यानंतरचे हाल सांगावेत तेवढे थोडेच. तोंडाने मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणत होतो आणि मनात मात्र त्यांची ‘ती’ झाली होती. बोलताना जीभ कधी घसरेल, या धास्तीने मी क्रियापदेच गाळू लागलो. वाचनकक्षाच्या दारात पोहोचलो की छाती धडधडे. वाचनकक्ष तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे हा दोष जिन्याचा की तिचा, हे ठरेना. डटन आणि अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली कॅनडातील एका उंच, हलत्या झुलत्या पुलावरील पुरुषांना एका तरुणीकरवी प्रश्न विचारले होते. भक्कम पुलावरच्यांपेक्षा या पुलावरच्या अधिक जणांनी तिला नंतर फोन केला. भीतीची धडधड त्यांनी बहुधा तिच्या खात्यावर मांडली असावी. म्हणून मी खाली दहा मिनिटे बसून नाडी मोजली. ती 72 भरली. तेवढ्यात ती जिना चढून वर गेली. पुन्हा मोजली, तर 104.

मग रोगाचे मूळ शोधू लागलो. पिसा विद्यापीठातील दोनातेल्ला मारात्झिती यांनी 1999 साली नव्याने प्रेमात पडलेल्या 20 जणांचे रक्त तपासले. दिवसातून किमान चार तास त्या व्यक्तीचाच विचार करणारे लोक त्यांनी निवडले होते आणि मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन या रसायनाच्या बाबतीत ते मंत्रचळाच्या, म्हणजे एकच विचार पुन्हा पुन्हा छळणाऱ्या, रुग्णांसारखे निघाले. मी माझे तास मोजले. झोप वगळता साडेअकरा भरले. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासलेल्यांचे रक्त पूर्ववत झाले होते, हे वाचून दिलासा वाटायला हवा होता. प्रत्यक्षात मला त्या लोकांचा राग आला.

पुन्हा घोटाळा नको म्हणून मी एव्हाना माझ्या चष्म्याच्या काडीला लाल दोरा बांधला होता आणि उठताना तो तपासूनच डबीत ठेवत होतो. परवा मात्र पुस्तक परत करायला दोन मिनिटे उठलो आणि डबी टेबलावरच राहिली. घरी ती उघडली, तर आत दोरा नव्हता. डाव्या काडीच्या टोकाला खाचा होत्या.

काल मी तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा ती माझा चष्मा लावून वाचत बसली होती. लाल दोऱ्याचे टोक तिच्या कानामागून लोंबत होते. मान वर न करता ती म्हणाली, “बसा. एवढे पान संपवते.”

मी बसलो आणि सवयीने नाडी मोजली. दहा मिनिटे होऊन गेली तरी ती 110च्या खाली येईना. पानही उलटले गेले नव्हते.