‘हृदय कमजोर असेल तर केमो नको’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या दोन महिन्यांत एकच संदेश माझ्याकडे पाच निरनिराळ्या घरांतून आला. रामबागेतल्या एका कुटुंबाने तो फोनवर पाठवला, राजेंद्रनगरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तो चक्क छापून आणला, आणि परवा माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेली दोन अनोळखी माणसे तो एकमेकांना वाचून दाखवत होती. मजकूर थोडक्यात असा : “ज्या कुत्र्याच्या हृदयात आधीच दोष आहे त्याला लिम्फोमासाठी केमो देणे म्हणजे त्याला आपल्या हाताने मारणे होय. केमोचे औषध हृदय जाळते. जनावर उलट्या करून, केस गळून, तडफडून जाते. कुत्र्यांची केमो हे परदेशी खूळ आहे. त्यापेक्षा घरी स्टेरॉइडच्या गोळ्या आणि हळद द्यावी, त्याने काहीच अपाय नाही.”

मी इंदुरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. हा संदेश लिहिणाऱ्याला कुत्र्यांविषयी माया असावी, याबद्दल मला शंका नाही. त्यातले एक वाक्य अर्धे खरे आहे, दोन निव्वळ ऐकीव आहेत, आणि जे सर्वांत निरुपद्रवी वाटते त्या शेवटच्या वाक्यानेच हृदयरोगी कुत्र्याला सर्वाधिक अपाय होऊ शकतो.

“केमोचे औषध हृदय जाळते.” हेच ते अर्धे खरे वाक्य. केमो हे एका औषधाचे नाव नाही. लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी, जी पद्धत जगभर प्रमाण मानली जाते तिच्यात सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिंक्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) अशी चार औषधे आलटून पालटून, सुमारे पाच ते सहा महिने दिली जातात. ज्या मात्रेत ती कुत्र्यांना देतात, त्या मात्रेत हृदयाच्या स्नायूला कायमची इजा करणारे औषध या चौघांत एकच आहे, आणि ते म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ज्याच्या लाल रंगामुळे आणि बाटलीवरच्या ॲड्रियामायसिन या नावामुळे कॅन्सरच्या वॉर्डात वावरलेल्या माणसांना ते लगेच ओळखू येते. त्याची इजा साठत जाणारी असते. एका इंजेक्शनाने सहसा काही दिसत नाही, पण एकूण मात्रा वाढत गेली की स्नायूंच्या पेशी मरतात, त्या पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि हृदय पसरट व दुबळे होते, तेही कधी कधी उपचार संपून काही महिने उलटल्यावर. माणसांत या औषधाची आयुष्यभराची मर्यादा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅम धरतात. कुत्र्यांत मात्र १८० च्या पुढेच सावध व्हावे लागते. म्हणजे या एका बाबतीत कुत्र्याचे हृदय आपल्यापेक्षा हळवे आहे, हे मान्य करायला हवे.

परंतु नेहमीच्या आराखड्यात डॉक्सोरुबिसिनच्या चार मात्रा असतात, दर मात्रा चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १२०. निरोगी हृदयाचा कुत्रा त्या मर्यादेच्या बराच अलीकडे राहतो. ज्याचे हृदय निरोगी नाही त्याच्यासाठी हे औषध वगळून त्याच्या जागी मायटॉक्सँट्रोन देता येते. ते गडद निळे असते आणि त्यानंतर लघवी हिरवट झाली की मालक घाबरून फोन करतात, पण कुत्र्यांच्या मात्रेत त्याचा हृदयावरचा भार नगण्य आहे. त्याचा दुष्परिणाम मुख्यतः रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर होतो आणि त्या रक्ताच्या तपासणीत मोजता येतात. कधी डॉक्सोरुबिसिन गाळून उरलेल्या तीन औषधांवरच काम भागवतात, कधी एल-ॲस्पॅराजिनेज किंवा लोमस्टिन यांची मदत घेतात. डॉक्सोरुबिसिन हे या आजारावरचे सर्वांत प्रभावी एकटे औषध असल्याने ते सोडल्यास सर्वसाधारणपणे काही महिने कमी मिळतात, हे मी मालकांपासून लपवत नाही. पण ‘एक औषध टाळा’ आणि ‘उपचारच टाळा’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते संदेशाने पुसून टाकले आहे.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. सायक्लोफॉस्फामाइडमुळे काही कुत्र्यांच्या मूत्राशयाला दाह होऊन लघवीतून रक्त जाते, आणि हे टळावे म्हणून त्या दिवशी फुरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारे आपले ओळखीचे लॅसिक्स, मुद्दाम देण्याची पद्धत आहे. हृदयाच्या कित्येक रुग्णांना ही गोळी आधीपासूनच चालू असते. तिची मात्रा घरच्या घरी वाढवू नये, एवढे मात्र बजावून सांगतो.

आता “हृदयात दोष” या शब्दांकडे वळू, कारण संदेशाची सर्वांत मोठी चूक इथे आहे. दोष कोणता? आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून घरोघरी पाळले जाणारे पांढरे स्पिट्झ, डॅक्सहुंड किंवा तशीच लहान चणीची कुत्री म्हातारपणाकडे झुकली की त्यांच्या मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या, झडपेच्या पाकळ्या जाड होतात, झडप गळू लागते आणि स्टेथोस्कोपमध्ये मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला फुसफुस आवाज, ऐकू येते. कुत्र्यांतल्या हृदयरोगाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हा एवढाच आहे. यात पहिल्या टप्प्यावर मर्मर असते पण हृदयाचा आकार बदललेला नसतो (याला बी-१ म्हणतात), पुढे डावे कप्पे मोठे होतात (बी-२), आणि त्यानंतर काहींच्या फुप्फुसांत पाणी उतरते (सी). डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत मात्र आजार झडपेचा नसून खुद्द स्नायूचा असतो, ठोके चुकतात, आणि डॉक्सोरुबिसिनने जी हानी होते तीच तिथे निसर्गाने आधी करून ठेवलेली असते.

या सर्वांना एकच नियम कसा लागू होईल? डॉबरमनच्या दुबळ्या स्नायूवर डॉक्सोरुबिसिन मी कधीच टाकणार नाही. बी-२ मधल्या कुत्र्यालाही नाही. तिथे मायटॉक्सँट्रोन, आणि सोबत हृदयाचे औषध पिमोबेंडान चालूच ठेवायचे. हे पिमोबेंडान बी-२ टप्प्यावरच सुरू केल्यास हृदय निकामी होण्याचा काळ सरासरी सव्वा वर्षाने लांबतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या बहुदेशीय चाचणीत दिसून आले आहे, तरी केमो सुरू झाली की ‘इतकी औषधे कशाला’ म्हणून नेमके तेच बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. बी-१ मधल्या कुत्र्याला मात्र इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आल्यास आणि ईसीजीत ठोके नियमित असल्यास, पुढच्या प्रत्येक मात्रेपूर्वी पुन्हा तपासण्याच्या अटीवर, डॉक्सोरुबिसिनचाही विचार होऊ शकतो. नुसत्या मर्मरवरून यातले काहीच ठरत नाही. त्यासाठी इको, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे लागतो.

दुसरा हिशोब वेळेचा आहे. गळ्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी येणाऱ्या नेहमीच्या लिम्फोमात काहीच उपचार न केल्यास कुत्रा साधारण चार ते सहा आठवडे जगतो. चारही औषधांच्या पद्धतीने बी-पेशींच्या (या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, वरच्या बी-१, बी-२ टप्प्यांशी त्यांचा संबंध नाही) प्रकारात शंभरातल्या ऐंशी ते नव्वद कुत्र्यांच्या गाठी पूर्ण विरतात आणि निम्मी कुत्री सुमारे एक वर्ष किंवा अधिक काढतात. टी-पेशींच्या, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींच्या, प्रकारात हा काळ कमी असतो. हा आजार मुळापासून जात नाही, बहुतेकांत तो परत येतो. पण झडपेच्या पहिल्या टप्प्यातला कुत्रा तर अनेक वर्षे काढतो आणि कित्येकांचे हृदय मरेपर्यंत निकामी होत नाही. तेव्हा जे दोन वर्षांनी कदाचित होईल त्याच्या भीतीने, जे सहा आठवड्यांत नक्की होणार आहे त्याला वाट मोकळी करून द्यायची, हा कसला सावधपणा?

उलट्या, केस आणि तडफड यांबद्दल फार लिहीत नाही. माणसांत रोग समूळ जावा म्हणून मोठ्या मात्रा देतात. कुत्र्यांत चांगले दिवस मिळावेत म्हणून त्या बऱ्याच कमी ठेवतात. चौरस मीटरला मिलिग्रॅममध्ये सांगायचे तर डॉक्सोरुबिसिन माणसांना ५० तर कुत्र्यांना ३०, सायक्लोफॉस्फामाइड माणसांना ७५० तर कुत्र्यांना २०० ते २५०. काही कुत्र्यांना दोन-तीन दिवस मळमळ वा जुलाब होतात, सातव्या ते दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी घसरतात आणि त्या वेळी ताप आल्यास त्वरित आणावे लागते, पण दाखल करून घ्यावे लागणारे थोडेच असतात. केस पूडल, शिह त्झू यांसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे जातात, इतरांच्या फार तर मिशा. हृदयरोग्याच्या बाबतीत काळजी वेगळीच आहे : उलट्या झाल्या की आपल्याकडे “एक बाटली चढवून टाका, डॉक्टरसाहेब” असा आग्रह होतो, आणि मोठ्या झालेल्या हृदयाला भराभर चढवलेली सलाईनची बाटली केमोपेक्षा लवकर बुडवते.

“परदेशी खूळ” हे वाक्य वाचून मात्र हसू आले. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना आम्ही हाताळलेले पहिले केमोचे औषध व्हिंक्रिस्टिन होते, आणि रुग्ण होती रस्त्यावरची कुत्री. संगातून पसरणारी जननेंद्रियाची गाठ आपल्या भटक्या कुत्र्यांत सर्रास आढळते, आणि आठवड्याला एक याप्रमाणे चार ते सहा इंजेक्शनांत ती बहुतेकांत पूर्ण बरी होते. गावोगावचे पशुवैद्य हे कित्येक वर्षे करत आले आहेत. फक्त त्याला केमो म्हणत नाहीत.

राहिली स्टेरॉइडची गोळी. प्रेडनिसोलोन दिले की दोन-तीन दिवसांत गाठी मऊ पडतात, कुत्रा खाऊ लागतो आणि घरात आनंद होतो, म्हणूनच हा सल्ला इतका पसरतो. पण एकट्या प्रेडनिसोलोनचा परिणाम एक-दोन महिने टिकतो, आणि तेवढ्यात कॅन्सरच्या पेशी औषध बाहेर फेकायला शिकतात, त्यामुळे नंतर केमो द्यायची ठरवली तर ती पूर्वीइतकी लागू पडत नाही. दुसरे असे की गाठ म्हणजे लिम्फोमाच असे नाही. माळव्यात गोचिडांचा तोटा नाही, आणि गोचीडतापातही लसिकाग्रंथी सुजतात. सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर पाहिल्याशिवाय गोळी सुरू केली तर निदान तर पुसले जातेच, शिवाय डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने बऱ्या होऊ शकणाऱ्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती आपण दाबून बसतो.

तिसरी गोष्ट या लेखाच्या विषयाला थेट भिडते. स्टेरॉइडने शरीरात मीठ-पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते, तहान वाढते. ज्याचे डावे कप्पे आधीच ताणलेले आहेत त्याच्या फुप्फुसांत पाणी उतरायला एवढे निमित्त पुरते. वर स्टेरॉइडने कुत्रा नुसताच धापा टाकतो, त्यामुळे धाप औषधाची की हृदयाची हे ओळखणे कठीण जाते. मी स्वतः या चुकीतून गेलो आहे. काही वर्षांपूर्वी एका डॅक्सहुंडची धाप मी गोळीच्या खात्यावर टाकली, मालकांना धीर दिला, आणि दुसऱ्या पहाटे तो ऑक्सिजनवर होता. चारही औषधांच्या पद्धतीतही प्रेडनिसोलोन असते हे खरे, पण ते पहिल्या चार आठवड्यांत उतरत्या मात्रेने देऊन थांबवतात, आणि हृदयरोग्यात मी ते आणखी कमी करतो किंवा वगळतोही. संदेश सांगतो तसे ते रोज, मोठ्या मात्रेत, कोणाच्या देखरेखीविना दिले जात नाही.

हळदीने अपाय होत नाही हे बहुतांशी खरे आहे. पोटातून ती रक्तात फारच थोडी पोहोचते, त्यामुळे कुत्र्याच्या लिम्फोमावर तिचा उपयोग होईल असे मानायलाही आधार नाही.

केमो नको म्हणण्याची रास्त कारणे असतात, आणि मी ती ऐकून घेतो. फुप्फुसांतले पाणी औषधांनीही आटोक्यात येत नसेल, ठोके धोकादायक रीतीने चुकत असतील, दवाखान्याची पायरी पाहताच जनावर थरथर कापत असेल, किंवा दर आठवड्याचा खर्च आणि फेऱ्या घराला झेपणाऱ्या नसतील, तर केमो न देणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. अशा घरांना मी स्वतःच प्रेडनिसोलोन लिहून देतो. पण ते सुईची तपासणी झाल्यावर, लहान मात्रेत, लॅसिक्सचा हिशोब पुन्हा मांडून, आणि हा मार्ग आठवड्यांचा आहे हे सांगून. घरच्यांनी एवढे करावे : कुत्रा गाढ झोपला असताना त्याची छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते रोज मोजून लिहून ठेवावे, आणि आकडा तीसच्या वर जाऊन पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर सकाळची वाट न पाहता फोन करावा.