स्तनाग्रावरून बरगड्या मोजणाऱ्यांसाठी

वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या फिरत असलेला एक लांबलचक संदेश गेल्या आठवड्यात माझ्या भाचीपर्यंत पोहोचला, आणि दुसऱ्याच दिवशी तिने मोठ्या समाधानाने जाहीर केले की छातीच्या सरफेस अ‍ॅनाटॉमीवर, म्हणजे आतले अवयव बाहेरच्या खुणांवरून ओळखण्यावर, ती यापुढे वेळ घालवणार नाही. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: चौथी इंटरकोस्टल स्पेस, म्हणजे चौथ्या व पाचव्या बरगडीमधली जागा, हमखास स्तनाग्राच्या पातळीवर असते, म्हणून तिथूनच वर-खाली मोजावे, हृदयाच्या झडपा जिथे ऐकू येतात त्याखालीच त्या असतात, फुप्फुसे पाठीवरून ऐकली की काम झाले, या विषयात पुस्तकांचेच आपसांत जुळत नाही, आणि आता यंत्रे आल्यामुळे हे सगळे कालबाह्य झाले आहे.

यातला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो खरा वाटतो. सडपातळ तरुण पुरुष ताठ उभा असेल, तर स्तनाग्र साधारण चौथ्या स्पेसवर येते, एवढे मान्य करतो. पण रुग्ण म्हणून आपल्यासमोर येणारी माणसे क्वचितच तशी असतात. स्त्रियांमध्ये ही खूण निरुपयोगी आहे, आणि वय, वजन व झोपण्याची स्थिती यांप्रमाणे ती पुरुषांमध्येही सरकते. मी भाचीला माझ्याच छातीवर पाचवी स्पेस दाखवायला सांगितली. संदेशात दिल्याप्रमाणे मोजून तिने बोट टेकवले ते सहाव्या स्पेसमध्ये. माझे वय पाहता त्यात तिचा फारसा दोष नव्हता.

पहिली बरगडी कॉलरबोनखाली दडलेली असल्यामुळे बोटाला नीट लागत नाही, म्हणून मोजणी दुसरीपासून सुरू करायची असते. गळ्याच्या मुळाशी असलेल्या खोलगट जागेतून बोट उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, खाली सरकवत नेले की सुमारे पाच सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. तो स्टर्नल अँगल. त्याच्या बाजूला जोडलेली बरगडी दुसरी, तिच्या खालची जागा म्हणजे दुसरी स्पेस. तिथून पुढे उरोस्थीपासून थोडे बाहेर सरकत मोजावे, कारण खालच्या बरगड्यांची मऊ हाडे, म्हणजे कूर्चा, उरोस्थीजवळ इतक्या दाटीने येतात की दोन बरगड्यांमधली जागा बोटाला सापडत नाही.

एका स्पेसने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना सांगतो. छातीत नळी घालताना सुरक्षित समजल्या जाणाऱ्या काखेखालच्या त्रिकोणाची खालची सीमा पाचवी स्पेस आहे. श्वास पूर्ण सोडला की उजवीकडचा डायफ्राम, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायूचा पडदा, जवळपास चौथ्या स्पेसपर्यंत वर चढतो आणि त्याच्याखाली यकृत असते. म्हणजे मोजणी चुकून नळी खाली घातली गेली, तर ती कुठे शिरेल हे वेगळे सांगायला नको. टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा कोंडून दाब वाढतो तेव्हा, प्रौढांच्या छातीत सुई घालण्याची जागा एटीएलएस या अपघातग्रस्तांवरील उपचारांच्या प्रशिक्षणक्रमाच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीने दुसऱ्या स्पेसवरून चौथ्या-पाचव्या स्पेसवर, काखेच्या मध्यातून खाली येणाऱ्या मिडअ‍ॅक्सिलरी रेषेच्या किंचित पुढे नेली, तेव्हापासून अचूक मोजण्याची गरज वाढलीच आहे.

आता यंत्रांबद्दल. ईसीजीचे व्ही-वन आणि व्ही-टू हे इलेक्ट्रोड चौथ्या स्पेसमध्ये, उरोस्थीच्या उजव्या व डाव्या कडेला लावायचे असतात; व्ही-फोर पाचव्या स्पेसमध्ये, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर. पहिले दोन वर चढवून लावण्याची चूक नेहमीची आहे, आणि तिच्यामुळे निरोगी हृदयाच्या आलेखातही जुन्या हार्ट अटॅकसारख्या खुणा उमटू शकतात. सोनोग्राफीचा प्रोबसुद्धा दोन बरगड्यांच्या मधूनच आत पाहतो. यंत्र आले म्हणून बरगड्या मोजायला नकोत, असे म्हणणाऱ्याने ते यंत्र कधी स्वतःच्या हाताने लावले आहे का, अशी मला शंका येते.

झडपांविषयीचे विधान सरळ चुकीचे आहे. चारही झडपा उरोस्थीच्या मागे, तिरप्या रेषेत एकमेकींना चिकटून बसलेल्या आहेत. आवाज रक्तप्रवाहाच्या दिशेने वाहत जातो, म्हणून महाधमनीची झडप उजव्या दुसऱ्या स्पेसमध्ये आणि डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप हृदयाच्या टोकाशी चांगली ऐकू येते.

पाठीवरून ऐकल्याने काम होत नाही, कारण पाठीच्या बहुतेक भागाखाली फुप्फुसाचा खालचा खंड असतो. उजव्या फुप्फुसाचा मधला खंड पुढच्या बाजूला, चौथ्या ते सहाव्या कूर्चेच्या दरम्यान आणि काखेकडे असतो. फक्त पाठ तपासणाऱ्याला त्यातला न्यूमोनिया सहज हुलकावणी देतो. क्षयाच्या जखमा बहुधा ज्या भागात आढळतात, ते फुप्फुसाचे टोक कॉलरबोनच्या आतल्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर सुमारे अडीच सेंटीमीटर जाते, आणि तिथे स्टेथोस्कोप टेकवायला हा संदेश लिहिणारा साफ विसरला आहे.

राहिला पुस्तकांच्या मतभेदाचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. ‘क्लिनिकल अ‍ॅनाटॉमी’ या नियतकालिकात २०१२ साली मिर्जालिली आणि सहकाऱ्यांनी १५३ प्रौढांचे छातीचे सीटी स्कॅन तपासून याच खुणांची फेरतपासणी केली. श्वासनलिका कोणत्या मणक्यासमोर दुभंगते, डायफ्राममधली मोठी छिद्रे कोणत्या पातळीवर असतात, या बाबतीत माणसामाणसांत बराच फरक आढळला. तेव्हा मणक्यांचे आकडे पाठ करण्याचा आपला अट्टहास थोडा कमी झाला तरी चालेल. पण त्याच अभ्यासात हृदयाच्या टोकाची जागा मात्र प्रचलित खुणेशी जुळली, आणि नेमकी हीच ओळ संदेशात गाळलेली आहे. भाचीला मी तो लेख वाचायला दिला असून, पुढच्या रविवारी ती माझ्या छातीवर स्टर्नल अँगलपासून पुन्हा मोजणार आहे.