आधी हायवे, मग सायकल

रेवस–रेड्डी सागरी मार्गाचे खाडीपूल आणि रुंदीकरण हा विषय आमच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी पेटतो. पुण्या-मुंबईची मंडळी म्हणतात, रस्ता रुंद झाला की कोकणात सायकल चालवण्यात काय मजा उरली? दाभोळची फेरीबोट जाणार, बागमांडल्याच्या जेटीवरचा चहा जाणार. माझा दापोलीकडचा मामेभाऊ या ग्रुपवर नाही, पण त्याचं उत्तर मला पाठ आहे. "तुम्ही वर्षातून चार दिवस येणार, फोटो काढणार आणि जाणार. रात्री फेरी बंद झाल्यावर पेशंट घेऊन खाडीला वळसा घालतो तो मी."

या भांडणात मला हमखास ओढलं जातं, कारण मी राहतो फ्रान्सच्या पश्चिमेला, ब्रिटनीत. रेन शहरात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वेत सायकल चढवून खेड्यापाड्यांतून हिंडणं. "बघा, तिकडे कसं जपलंय," असं ग्रुपवर माझ्या फोटोंखाली येतं. जपलंय हे खरंच. फक्त ते रस्ते अडवून जपलेलं नाही.

ब्रिटनीच्या लोकांनी रस्ता नको असं म्हटलं नव्हतं, त्यांनी तो भांडून मागितला होता. पॅरिसपासून लांब, उद्योग कमी, भाजीपाला बाजारात पोचेपर्यंत भाव पडलेला. साठच्या दशकात इथले शेतकरी वारंवार रस्त्यावर उतरले. १९६८ मध्ये सरकारने ब्रिटनीसाठी खास रस्ते आराखडा मान्य केला: उत्तरेकडून एक, दक्षिणेकडून एक चौपदरी रस्ता, आणि दोन्हींवर टोल नाही. फ्रान्समध्ये लांबचा प्रवास म्हणजे पावलोपावली टोलनाका, पण इथे आजही तो नाही. साहजिकच ट्रक, कंटेनर, सुट्टीवाल्यांच्या गाड्या सगळ्या तिकडून जातात. आतले एका गाडीपुरते डांबरी रस्ते मग गावकऱ्यांना, ट्रॅक्टरला आणि माझ्यासारख्यांना उरतात.

मिशेलिनच्या नकाशावर हे रस्ते पांढऱ्या रेघेने दाखवतात. दोन्ही बाजूंना उंच बांध, बांधावर ओक आणि काटेरी झुडपं, वळणावर दगडी क्रूस. पाट्या दोन भाषांत, फ्रेंच आणि इथली ब्रेतों. सपाट मात्र काही नाही. डोंगर म्हणावा असा एकही नाही आणि तरी दिवसभर चढ-उतार संपत नाहीत, संध्याकाळी मांड्या बोलायला लागतात. मागून गाडी आलीच तर ती थांबते, कारण गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे आणि या रस्त्यावर दीड मीटर नसतंच. हॉर्न न वाजवता ड्रायव्हर मागे मागे येतो. पहिल्यांदा याचीच भीती वाटायची, हा बाबा करतोय काय!

चढ नको असेल त्याला कालवा आहे. नांतपासून ब्रेस्तपर्यंत ३६४ किलोमीटर. इंग्रजांच्या नौदलाने किनारा अडवला तर बंदरांना आतून रसद पोचावी म्हणून नेपोलियनच्या काळात त्याची आखणी झाली, आणि तो पुरा खुला झाला तो १८४२ मध्ये, म्हणजे ते युद्ध संपून एक पिढी गेल्यावर. ग्लोमेलजवळची खोल खिंड १८२३ ते १८३२ या काळात ब्रेस्तच्या तुरुंगातल्या कैद्यांकडून खोदून घेतली. विसाव्या शतकात गेर्लेदांला वीजनिर्मितीसाठी धरण बांधलं, बोटींसाठी पाणी चढवण्या-उतरवण्याचे मधले दरवाजे बुडाले, आणि सलग जलवाहतूक कायमची तुटली. उरला काठाचा सपाट रस्ता, जिथून पूर्वी घोडे बोटी ओढायचे. तोच आज सायकलचा राजमार्ग झालाय. मोटारींना बंदी, तोंडाशी अडसर, खाली दाबून बसवलेली बारीक खडी. पाऊस पडला की ती खडी चेनमध्ये जाऊन अशी करकरते की मुक्कामी पोचल्यावर जेवणाआधी चेन धुवावी लागते.

बाकी कालव्यावर दर थोड्या अंतरावर असे दरवाजे आणि शेजारी रखवालदाराचं टुमदार घर, त्यावर दरवाजाचा नंबर. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी कॉलेजची पोरं हंगामी कामाला असतात, बोट आली की दांडा फिरवून दरवाजा उघडतात. कारे गावाभोवतीच्या मीटरगेज रेल्वेचंही असंच झालं. बहुतेक मार्ग १९६७ मध्ये बंद पडले, रूळ निघाले, आणि त्या पट्ट्यावर आता सायकली धावतात. मूर्तिजापूरच्या शकुंतलेचं, त्या बंद पडलेल्या नॅरोगेज गाडीचं, नाव काढलं की आपल्याकडे डोळे पाणावतात. तिच्या पट्ट्यावर सायकली धावाव्यात असं मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही.

ग्रुपवर मी फोटो टाकतो तेव्हा एक गोष्ट फोटोत येत नाही. हे रस्ते शांत आहेत त्याचं अर्धं कारण माणसंच निघून गेली हे आहे. कोकणाने गिरणगावात पोरं पाठवली तशी ब्रिटनीने पॅरिसला पाठवली. मोंपार्नास स्टेशनवर उतरून ती तिथेच आसपास वसली, म्हणून त्या भागात आजही ब्रेतों घावनांची दुकानं गल्लोगल्ली दिसतात. मागे राहिलेल्या गावांत बंद खिडक्या खूप. बेकरी बंद पडली म्हणून चौकात पावाचं मशीन बसवलेलं असतं: नाणं टाकलं की खालच्या फटीतून बागेत नावाचा लांबट फ्रेंच पाव सरकून येतो, सकाळी भरलेला, दुपारपर्यंत थोडा चिवट झालेला. पाण्याची बाटली भरायची तर सायकलवाले दफनभूमी शोधतात, कारण थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ हमखास असतो. हे आईला सांगितल्यावर ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला इथे राहणं कठीण. बस असली तर शाळेच्या वेळेला. दवाखाना वीस किलोमीटरवर. ज्या शांततेचं मी कौतुक करतो तिला कंटाळून तरुण पोरं रेनला येतात आणि माझ्या शेजारी घर भाड्याने घेतात. आणि हवा शुद्ध म्हणावी तर फ्रान्समधली निम्म्याहून जास्त डुकरं ब्रिटनीत पाळली जातात. वसंतात शेतात त्याचं पातळ खत फवारायला लागले की नाकाला रुमाल बांधूनच पुढे जावं लागतं. त्यातलं नायट्रेट ओढ्यांतून समुद्रात उतरतं आणि काही खाड्यांत हिरव्या शेवाळाचे ढीग सडतात.

त्यामुळे मामेभावाला मी "रस्ता नको म्हण" असं सांगणार नाही. तसं सांगायचा मला अधिकारही नाही. दर चार वर्षांनी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसची १२०० किलोमीटरची सायकलवारी असते, तिला आता शेकडो भारतीय येतात, त्यात मराठी मंडळीही असतात. खेड्यातली माणसं रात्री दोन वाजता अंगणात टेबल मांडून कॉफी पाजतात. आपली मंडळी भारावून परत जातात आणि कोकणात असंच हवं म्हणतात. कॉफी पाजणारी ती माणसं एरवी डॉक्टरकडे जायला गाडी काढून चौपदरी रस्ता पकडतात, हे त्या रात्री दिसत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडलं, आणि त्याचा राग आपण किनाऱ्याच्या रस्त्यावर काढतोय. वेगासाठी एक रस्ता पुरा करायचा आणि दुसरा गावांसाठी ठेवायचा, हा विचार ब्रिटनीत झाला. आपल्याकडे दोन्ही रस्ते वेगासाठीच. खाडीवर पूल जरूर व्हावेत. पण पूल झाला म्हणून केळशी, आंजर्ले, हर्णैच्या आळीतून, लोकांच्या पडव्या कापून कंटेनर का जावा? पुलावर दोन लेन पुरतात. त्यात सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी कठड्यापलीकडे वेगळी पट्टी हवी, आणि ती बांधतानाच, कारण पुलाला मागाहून पट्टी जोडणं अवघड जातं.

इथे गावाचा महापौर गावातल्या रस्त्यावर एका आदेशाने जड वाहनं बंद करू शकतो. साडेतीन टनांची लाल गोल पाटी मला गावोगाव दिसते. आपल्याकडे सरपंचाला तो अधिकार नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली शासनाला आहे. गणपतीत चाकरमानी अडकू नयेत म्हणून महामार्गावर जड वाहनांना बंदी घातली जाते, ती याच कलमाखाली. मामेभावाला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मग ग्रामसभेत मांडतो. तू फक्त मराठीत नीट लिहून पाठव, इंग्रजीत नको."